दप्तराची मालकी

संगणकाच्या व्यवसायातील माणसांविषयी बाहेरच्या लोकांची अशी एक समजूत असते की, ज्यांच्या प्रत्येक शंकेचे उत्तर यंत्र तत्काळ आणि निःपक्षपातीपणे देऊ शकते, त्यांना आपसांत वाद घालण्याचे प्रयोजनच पडत नसावे. वस्तुतः या व्यवसायाइतके वादप्रिय व्यवसाय थोडेच असतील. प्रोग्राम लिहिण्यासाठी वापरावयाचा संपादक 'व्हीआय' असावा की 'ईमॅक्स', हा वाद ती दोन्ही साधने ज्या १९७६ साली निर्माण झाली त्या सालीच बीजरूपाने जन्मास आला, आणि दोन्ही पक्षांचे मूळ पुरुष वृद्ध झाले तरी तो अद्याप निकालात निघालेला नाही. ओळीच्या आरंभी सोडावयाची मोकळी जागा टॅबच्या कळीने सोडावी की स्पेसच्या, यावर लिनक्सच्या गाभ्याची नियमावली टॅबचा, तोही आठ घरांचा, आग्रह धरते, तर पायथन भाषेची नियमावली चार स्पेसचा. आणि दोहोंचे अनुयायी परस्परांकडे ज्या दृष्टीने पाहतात, ती दृष्टी स्मार्त आणि भागवत यांच्या एकादशीच्या वादात आपल्याकडे पूर्वी दिसत असे.

मी याच व्यवसायावर उदरनिर्वाह करणारा मनुष्य असल्यामुळे या विषयांवर मलाही मते आहेत, आणि ती सांगून टाकण्यास फारसा अवकाश लागत नाही. संपादक असा असावा की जो आपल्या बोटांना ठाऊक आहे. भाषा अशी निवडावी की जी आपल्यामागून ते काम सांभाळणाऱ्यास येते. आणि मोकळी जागा पहिल्या लेखकाने जशी सोडली असेल तशीच सोडीत जावे. माझी तक्रार या वादांच्या क्षुद्रतेविषयी नाही, कारण कारागिराने आपल्या हत्याराविषयी हट्टी असावे हे स्वाभाविकच आहे. माझी तक्रार अशी की, हत्यारांविषयी एवढा कोलाहल करणारे आम्ही लोक, त्या हत्यारांनी जी वस्तू निर्माण होते आणि हत्यार भंगारात गेल्यावरही जी टिकावी अशी अपेक्षा असते, त्या वस्तूविषयी जवळजवळ मौन पाळून असतो. ती वस्तू म्हणजे दप्तर: माणसांनी लिहिलेली पत्रे, संस्थांचे जमाखर्च, कचेऱ्यांच्या नोंदी, लेखकांची हस्तलिखिते, म्हणजे थोडक्यात, फाइलीत जे असते ते सर्व.

सॉफ्टवेअर अल्पायुषी असते. ज्या पेजमेकरवर मराठीतील हजारो पुस्तके आणि दिवाळी अंक जुळवले गेले, त्याची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली; ज्या फ्लॅशवर एके काळी निम्मे आंतरजाल नाचत होते, त्याचा आधार २०२०च्या अखेरीस काढून घेण्यात आला. याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. परंतु ज्याने त्या सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षे आपला मजकूर साठवला, त्याच्या दप्तराचे त्या दिवशी काय होते, हा प्रश्न सॉफ्टवेअर विकत घेण्याच्या वेळी विचारला जात नाही, आणि तो ज्या वेळी सुचतो त्या वेळी उत्तर देणारा कोणी उरलेला नसतो. म्हणून कोणत्याही सॉफ्टवेअरविषयी माझे मत कोणी विचारले तर मी एकच कसोटी लावतो: हा प्रोग्राम उद्या नाहीसा झाला, त्याचा कर्ता देशोधडीला लागला, तर यात ठेवलेले माझे लिखाण दुसऱ्या कोणा अनोळखी माणसाच्या प्रोग्रामला वाचता येईल काय? ज्याला या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देता येत नाही, तो प्रोग्राम किती सुंदर, किती वेगवान आणि किती स्वस्त आहे, हे मुद्दे माझ्या लेखी गौण ठरतात.

ही कसोटी काल्पनिक भयातून निर्माण झालेली नाही. मराठी भाषेने ती स्वतःच्या अंगावर भोगली आहे, आणि ते भोगणे इतके आपल्या सवयीचे झाले आहे की त्याला आपण आपत्ती म्हणून ओळखतही नाही.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते, आकडा ठाऊक असतो. आणि कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, याविषयी सर्वांनी मान्य केलेली एक सनद असावी लागते. रोमन लिपीला अशी सनद १९६३ सालीच मिळाली होती. देवनागरीला ती व्यवहारात उपलब्ध नव्हती, आणि छापखान्यांना मात्र काम थांबवणे शक्य नव्हते. तेव्हा फाँट तयार करणाऱ्यांनी एक युक्ती योजली. रोमन लिपीसाठी ठरलेल्या जागांवर, आणि त्यांच्या पुढच्या रिकाम्या जागांवर, त्यांनी देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा क, पाऊण ग, काना, निरनिराळ्या रुंदीच्या वेलांट्या, रफार, अनुस्वारासह रफार. मांडणी दोनशेंच्या आसपास जागांत उरकावयाची असल्यामुळे कोणता तुकडा कोठे ठेवावा हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवले. परिणाम असा झाला की, फाइलीत प्रत्यक्षात मराठी एक अक्षरही नसे. असत ते रोमन अक्षरांचे आकडे, आणि त्यांवर एका विशिष्ट फाँटचे वस्त्र पांघरले म्हणजे ते मराठीसारखे दिसत. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की दिसे ती रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची निरर्थक रास.

तुकडे ज्या क्रमाने डोळ्यांना दिसतात त्याच क्रमाने साठवले जात, ही आणखी एक गोष्ट. 'किती' या शब्दात पहिली वेलांटी आधी आणि क नंतर. 'सूर्य' या शब्दात य आधी आणि रफार नंतर. उच्चाराचा क्रम असा मोडल्यामुळे त्या मजकुरात शब्द शोधता येत नसे, शब्दांची अकारविल्हे यादी लावता येत नसे, आणि शुद्धलेखन तपासणारे साधन त्यावर चालवावे तर त्याला तपासण्यासारखे त्यात काहीच सापडत नसे. कोशकाराला, ग्रंथपालाला आणि संशोधकाला लिखित मजकुरापासून ज्या प्राथमिक अपेक्षा असतात, त्या पुरवण्यास तो मजकूर सर्वथा असमर्थ होता. तो केवळ कागदावर उमटण्यास समर्थ होता.

आणि यातील सर्वांत मोठा विपर्यास हा की, योग्य तत्त्व त्या काळात अज्ञात नव्हते. ते पुण्यातच, सीडॅक या संस्थेत, मूर्त रूपात उपलब्ध होते. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले आणि पुढे सीडॅकने वाढवलेले जिस्ट तंत्र, तसेच १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झालेली इस्की ही संकेतप्रणाली, अक्षराचा तुकडा साठवीत नसत, अक्षरच साठवीत. क या अक्षराला सर्व भारतीय लिप्यांत एकच आकडा दिलेला असल्यामुळे मराठी मजकूर एका आज्ञेसरशी कन्नड लिपीत पाहता येई. त्याच १९९१ साली युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिने देवनागरीला १२८ जागांचा जो स्वतंत्र प्रदेश दिला, त्याची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतलेली होती. म्हणजे ज्या वर्षी तत्त्व निश्चित झाले, त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे मराठीने आपला बहुतेक मजकूर त्या तत्त्वाच्या विरुद्ध रीतीने साठवला.

याचा दोष फाँट बनवणाऱ्यांच्या माथी मारण्याची एक सोपी प्रथा आहे. तिच्यात मी सामील होत नाही. श्रीलिपी किंवा आयएसएम यांसारख्या साधनांनी मराठी मुद्रणाला जे अक्षरसौष्ठव आणि जो वेग दिला, तो दुसऱ्या कोणाकडून त्या काळी मिळण्यासारखा नव्हता. पेजमेकर, क्वार्क आणि कोरलड्रॉ यांना जोडाक्षर ही कल्पनाच समजत नसे. त्यांना फाँट तेवढा समजत असे, आणि म्हणून फाँटच्या पोटातच सारी लिपी कोंबण्यावाचून गत्यंतर नव्हते. शिवाय छापखान्याचा हिशेब निराळा असतो. त्याच्या दृष्टीने माल म्हणजे छापलेला कागद. फॉर्म छापून झाला की फाइल ही रद्दी. त्या हिशेबात फाँटची निवड अगदी योग्य होती. हिशेब चुकला तो कागदाऐवजी फाइल हीच जेव्हा माल ठरू लागली तेव्हा, आणि चुकला तो मुद्रकाचा नव्हे, मालकाचा: प्रकाशकाचा, संस्थेचा, सरकारी कचेरीचा. जुळणीचे बिल चुकते करताना 'ओपन फाइल द्या' अशी मागणी फार तर कोणी केली असेल. ती फाइल कोणत्या संकेताने लिहिली आहे आणि त्या संकेताचा तक्ता कोणाच्या ताब्यात आहे, असे विचारणारा मालक मला क्वचितच भेटला. कित्येक ठिकाणी तर सॉफ्टवेअर चालण्यासाठी यंत्राच्या पाठीमागे एक डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावावे लागे. पुढे नव्या यंत्रांना ते डोंगल लावण्याचे छिद्रच उरले नाही, आणि स्वतःच लिहिलेले दप्तर उघडण्यासाठी जुने यंत्र जिवंत ठेवण्याची पाळी लोकांवर आली.

आज त्या मजकुराचे रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात हे खरे. परंतु प्रत्येक फाँटचा तक्ता वेगळा. एकाच नावाच्या फाँटच्या दोन आवृत्त्यांतही फरक. आणि मजकुराच्या मध्येच एखादे इंग्रजी नाव किंवा ईमेलचा पत्ता असेल तर तोही मराठीचे तुकडे समजून रूपांतरित होतो, कारण अमुक आकडे मराठी आणि अमुक इंग्रजी हे सांगणारी खूण फाइलीत फाँटच्या नावापलीकडे नसते. मग मुद्रितशोधकाला आरंभापासून बसावे लागते. यापेक्षा छापील प्रत स्कॅन करून यंत्राकडून वाचून घ्यावी आणि चुका दुरुस्त कराव्यात, असा मार्ग कित्येकांनी पत्करला आहे; आणि ज्या फाइलीतून तो कागद छापला ती फाइल हाताशी असताना कागदावरून मजकूर पुन्हा मिळवावा लागावा, यातील विसंगती त्यांना हास्यास्पद वाटेनाशीही झाली आहे.

मोडी लिपीच्या बाबतीत आपण एकदा हे पाहिले आहे. सरकारी व्यवहारातून मोडी विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास गेली, वाचणारे झपाट्याने कमी झाले, आणि कागद मात्र लाखोंनी राहिले. पेशवे दप्तरातून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, ते ज्या काळात मोडी जाणणारे कारकून अद्याप मिळत होते त्या काळात. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळण्यास २०१४ साल उजाडावे लागले. तरीही मोडीचा कागद एका बाबतीत आजच्या फाइलीहून भाग्यवान आहे: तो पाहताक्षणी आपण मोडी आहोत हे सांगतो. जुन्या फाँटमधील फाइल फाँटवाचून उघडली तर आपण मराठी आहोत याची कबुलीही देत नाही, आणि न वाचताच ती पुसून टाकणाऱ्या अजाण माणसाला दोष देणेही कठीण होते.

येथे कोणी म्हणेल की, युनिकोड म्हणजे काही दोषरहित अवतार नव्हे. अर्थातच नव्हे, आणि मराठी माणसाला हे इतरांहून अधिक ठाऊक असावयास हवे. 'दुसऱ्या' या शब्दातील र नुक्ता असलेल्या स्वतंत्र र पासून साधता येतो आणि साधा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांपासूनही साधता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोधणाऱ्या यंत्राला ते दोन निराळे शब्द. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. तोपर्यंत अ वर अर्धचंद्र देऊन, कधी मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून, ज्याने त्याने आपापला मार्ग काढला होता, आणि ते सारे मार्ग आजच्या मजकुरात एकत्र नांदत आहेत. लिपीचे आराखडे ठरतात तेव्हा हिंदीच्या गरजा आधी आठवतात आणि मराठीच्या मागाहून, हा आक्षेप मला निराधार वाटत नाही. परंतु या दोषांत आणि जुन्या फाँटच्या दोषांत जातीचा फरक आहे. युनिकोडचे दोष जाहीर आहेत. त्याचा संपूर्ण तक्ता कोणालाही विनामूल्य पाहता येतो. आणि १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून एकदा अक्षराला दिलेली जागा बदलावयाची नाही, असा त्याचा नियम आहे. 'दुसऱ्या'ची दोन रूपे एक करून घेणारा प्रोग्राम एखादा होतकरू विद्यार्थी एका दुपारी लिहू शकतो. गुप्त तक्त्याच्या बाबतीत सारी विद्वत्ता एकवटूनही प्रथम तक्ता शोधावा लागतो.

हेच सूत्र हाती घेऊन आमच्या व्यवसायातील इतर वादांकडे पाहिले की त्यांची मांडणी पालटते. मुक्त सॉफ्टवेअर श्रेष्ठ की खासगी, या वादात मी रिचर्ड स्टॉलमन यांच्या पक्षाचा असावा अशी अनेकांची अपेक्षा असते. १९८३ साली त्यांनी पुकारलेल्या चळवळीचे उपकार मी रोज भोगतो; तरीही ज्याचा कोड उघडा आहे पण दप्तर साठवण्याची रीत कोठेच लिहून ठेवलेली नाही अशा सॉफ्टवेअरपेक्षा, कोड बंद असून प्रसिद्ध आणि सर्वमान्य रूपात दप्तर परत देणारे सॉफ्टवेअर सामान्य माणसाच्या अधिक हिताचे, असे माझे मत आहे. कोड वाचणे हा अधिकार शेकड्यातील एखाद्याला उपयोगी पडतो. आपले कागद घेऊन दुसरीकडे जाण्याचा अधिकार शंभरही जणांना. भारत सरकारने २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे जे धोरण जाहीर केले, त्यामागील विचार हाच होता. धोरण उत्तम होते. अंमलबजावणीविषयी बोलण्यासाठी निराळा लेख लागेल, आणि तो लिहिण्यास माझी प्रकृती साथ देणार नाही.

भाड्याच्या सॉफ्टवेअरचा वादही असाच. अडोबी कंपनीने २०१३ साली आपली साधने कायमची विकण्याऐवजी मासिक भाड्याने देण्याचे ठरवले तेव्हा मोठा ओरडा झाला, आणि तो बव्हंशी पैशाविषयी होता. भाडे देण्यात अपमान वाटण्याचे कारण नाही. आपण घरही भाड्याने घेतो. पण भाडे थकले की घरमालकाने सामानही अडकवून ठेवावे, ही गोष्ट मात्र मान्य करता येण्यासारखी नाही. मजकूर दूरच्या सर्व्हरवर ठेवण्याच्या नव्या वहिवाटीत हे सामान प्रथमपासूनच मालकाच्या कोठारात असते. ते माझ्या घरच्या डिस्कहून तेथे अधिक सुरक्षित आहे, हे मी एक व्यावसायिक म्हणून निःशंकपणे सांगतो. परंतु चोरापासूनची सुरक्षितता आणि कोठीवाल्यापासूनची सुरक्षितता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातीत उल्लेख असतो तो पहिलीचा.

उलट बाजूचे उदाहरणही आमच्याच व्यवसायात आहे आणि ते पुरेसे जुने आहे. गणिती डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ साली टेक नावाची अक्षरजुळणीची प्रणाली निर्माण केली, तेव्हा त्यांनी लिखाण साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवण्याची, आणि पुढे प्रणालीत वृथा बदल न करण्याची, शिस्त घालून घेतली. तिच्या आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक दुरुस्तीनिशी पाय (π) या संख्येच्या किमतीच्या एक घर अधिक जवळ जातो, आणि आपल्या पश्चात ती 'पाय' याच क्रमांकावर कायमची गोठवावी, उरलेल्या चुका त्यानंतर वैशिष्ट्ये समजाव्यात, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा गणितातील प्रबंध आजच्या यंत्रावर जसाच्या तसा जुळवता येतो तो या शिस्तीमुळे. नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ साली तिला देवनागरीची जोड दिली. तिच्यात मराठी रोमन अक्षरांतच टंकावी लागे, पण उच्चाराच्या क्रमाने आणि प्रसिद्ध केलेल्या नियमाने, आणि त्यामुळे तो मजकूर आज कोणत्याही श्रमाशिवाय युनिकोडमध्ये आणता येतो. साधन कष्टाचे होते आणि डीटीपीच्या दुकानात ते कधीच रुजले नसते. पण रोमन अक्षरांत मराठी साठवूनही दप्तर जिवंत राहू शकते हे त्यावरून सिद्ध होते. घातक ठरली ती रोमन अक्षरे नव्हेत, गुप्तता.

आता भाषा शिकणाऱ्या यंत्रांचे युग आले आहे आणि त्यांना मराठी बरी येत नाही अशी तक्रार ऐकू येते. ती तक्रार करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, जे लिखाण यंत्राला मराठी म्हणून वाचता येत नाही, ते त्याच्या दृष्टीने कधी लिहिलेच गेले नाही. संगणकावर जुळवलेल्या मराठीच्या आरंभीच्या पिढीचा फार मोठा भाग, त्यात किती कथा, किती अग्रलेख, किती जिल्ह्यांच्या बातम्या, असा न लिहिल्यासारखा पडून आहे.

रूपांतराचा खर्च कोणी करावयाचा, असा प्रश्न यावर येतोच. ज्याच्या नावे मजकुराची मालकी आहे त्याने. आणि जुने फाँट नजरेने ओळखणारे अक्षरजुळारी अद्याप कामावर आहेत तोवर करावा, कारण त्यांच्यामागून हेच काम दुप्पट महाग होईल. नव्या खरेदीच्या बाबतीत मात्र खर्चाचाही प्रश्न नाही. ग्रामपंचायतीच्या लिपिकाला किंवा वाचनालयाच्या चिटणीसाला संकेतप्रणालीचे ज्ञान कोठून असावयाचे, असे मला विचारले जाते. त्याला त्या ज्ञानाची गरज नाही. करारनाम्यात त्याने एक कलम घालून घ्यावे: शेवटचा हप्ता देण्यापूर्वी कंत्राटदाराने सर्व नोंदी बाहेर काढाव्यात, आणि ज्या यंत्रावर त्याचे सॉफ्टवेअर कधीच बसवलेले नव्हते अशा दुसऱ्या यंत्रावर, कार्यालयातल्याच एखाद्या माणसाच्या हातून, त्या उघडून, शोधून आणि अकारविल्हे लावून दाखवाव्यात. तसे झाले नाही तर हप्ता रोखून धरावा.